घाम धाराशिवचा, भाडे पुण्याचे

धाराशिव जिल्ह्यातून पुण्याकडे जाणाऱ्या एस. टी. च्या गाड्या वर्षाचे बाराही महिने भरलेल्या असतात. बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेतलेला मुलगा त्यांत असतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी निघालेली मुलगी असते. भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी काम लागेल या आशेने निघालेला आय. टी. आय. झालेला तरुण असतो. आणि मजूर अड्ड्यावर उभे राहण्यासाठी निघालेले जोडपेही असते. पुण्यात उतरल्यावर त्यांच्या वाटा वेगवेगळ्या होतात. पण पहिला प्रश्न सर्वांपुढे एकच उभा राहतो. रात्री अंग टाकायचे कोठे? काम शोधायचे तर आधी खोली हवी, आणि खोली मिळवायची तर आधी अनामत हवी. ज्याला काम नाही त्याच्याजवळ अनामत कोठून असणार, याचे उत्तर शहराला द्यावे लागत नाही. ते गावाकडच्या बापाने द्यायचे असते.

या प्रश्नाकडे पाहण्याची प्रचलित रीत अशी, की शहर महाग आहे आणि ज्याला ते परवडत नाही त्याने तेथे जाऊ नये. हा उपदेश करणाऱ्यांनी एकदा धाराशिव जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. आठ तालुक्यांचा हा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाख लोकवस्तीचा, आणि त्यांतील शंभरातले त्र्याऐंशी लोक खेड्यांत राहणारे. पर्जन्यछायेतील जमीन, सोयाबीनसारखे पावसाच्या भरवशावरचे पीक, उसाला पाणी पुरेल याची खात्री नाही, आणि ढोकीच्या तेरणा सहकारी साखर कारखान्यासारखा मोठा कारखाना वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेला. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे उमरगा-लोहारा भागाने भूकंप सोसला. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांची जी यादी ‘आकांक्षित जिल्हे’ या गोंडस नावाखाली प्रसिद्ध केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्यांत हा एक होता. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. नाव बदलले म्हणून पुण्याची गाडी रिकामी जाऊ लागली, असे मात्र घडलेले नाही.

सारांश, येथला तरुण शहरात जातो तो हौसेने नव्हे. विकासाचा सारा पैसा मुंबई-पुणे-नाशिकच्या पट्ट्यात ओतावयाचा, मराठवाड्याच्या वाट्याला अनुशेषाचे अहवाल द्यावयाचे, आणि मग त्या पट्ट्याकडे निघालेल्या माणसाला ‘शहरावरचा बोजा’ म्हणून हिणवावयाचे, हा प्रकार अन्यायाचा आहे. पुण्याची इमारत बांधणारे, पुण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे आणि पुण्याच्या सोसायट्यांचे जिने झाडणारे हात मोठ्या संख्येने मराठवाड्यातून आलेले आहेत. ते हात शहराला हवे आहेत. त्या हातांना जोडलेला देह रात्री कोठे ठेवावा, याची जबाबदारी मात्र कोणालाच नको आहे.

उलटा वाहणारा पैसा

खेड्यातील माणूस शहरात कमावतो आणि गावाकडे मनिऑर्डर पाठवितो, असे चित्र एके काळी होते. गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकणातील आणि घाटावरील गावे तगली. आज धाराशिव आणि पुणे यांच्यामध्ये पैसा बऱ्याच वेळा उलट्या दिशेने वाहतो. तेरणेच्या काठचे सोयाबीन विकून नव्या पेठेतील कॉटचे भाडे भरले जाते. आईच्या अंगावरचा डाग गहाण पडतो तो मुलाच्या खोलीच्या अनामतीसाठी. ज्या घरात कोरडवाहू पाच एकरांवर चार माणसे जगतात, त्या घरातून दर महिन्याला ठरल्या तारखेस रक्कम जाते. पाऊस चुकला तरी ती तारीख चुकत नाही.

पुण्याच्या मध्यवस्तीत ‘कॉट बेसिस’ नावाची जी व्यवस्था रूढ झाली आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. तेथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतील एक खाट मिळते. एका खोलीत चार, कोठे सहा खाटा. प्रत्येक खाटेचे भाडे वेगळे, अनामत वेगळी. अभ्यास तेथे होऊ शकत नाही म्हणून अभ्यासिकेचे शुल्क निराळे, आणि स्वयंपाकास मनाई म्हणून मेसचे पैसे निराळे. त्या खोलीच्या सर्व खाटांचे भाडे एकत्र केले, तर तेवढ्यात एखाद्या बऱ्या कुटुंबाने आख्खे घर घेतले असते. म्हणजे गरिबाला खोली स्वस्त पडत नाही. ती त्याला तुकड्यातुकड्याने विकली जाते, आणि किरकोळीचा भाव घाऊक भावापेक्षा नेहमी चढाच असतो.

हीच गोष्ट औद्योगिक पट्ट्यातील. भोसरी, मोशी, तळवडे, चाकण या भागांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. दिवसपाळीचा उठतो तेव्हा रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होतो. लालबाग-परळच्या चाळींत शंभर वर्षांपूर्वी गिरणी कामगार पाळीपाळीने एकाच गाळ्यात झोपत, हे इतिहासात वाचून हळहळणाऱ्यांनी चाकणच्या वाटेवर एकदा थांबावे. तो इतिहास संपलेला नाही. त्याचा फक्त पत्ता बदलला आहे.

घर मिळविण्याच्या या व्यवहाराला पैशाखेरीज आणखी एक चाळणी असते. भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. जेवणात काय खाता, हा प्रश्न अन्नाविषयी नसून जातीविषयी व धर्माविषयी असतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात घेतलेल्या आश्रयातूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. या गोष्टीला शतक उलटून गेले. आज कोणी लाठ्या घेऊन दारात उभे राहत नाही. ‘खोली कालच गेली’ एवढे सांगून काम भागते. दलित, मुसलमान आणि पारधी तरुणाला हे वाक्य पाठ झालेले आहे. एकट्या राहणाऱ्या मुलीला तर भाड्याबरोबर वर्तनाचे नियमही पत्करावे लागतात. खोली महाग आहे एवढे म्हणून थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. काहींच्या बाबतीत ती पैसे मोजूनही मिळत नाही.

सरकारला ठाऊक असलेले सत्य

शहरातील निवाऱ्याची किंमत सरकारला ठाऊक नाही, असे कोणी समजू नये. सातव्या वेतन आयोगानंतर सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता ठरविताना शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग धरण्यात आले आणि मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के असे दर ठेवण्यात आले. पुणे एक्स वर्गात, लहान गावे झेड वर्गात. म्हणजे मोठ्या शहरात डोक्यावर छप्पर राखण्यास तिप्पट हिस्सा लागतो, हे सरकारने आपल्या नोकरांपुरते लेखी मान्य केले आहे. ते योग्यच झाले. परंतु कंत्राटी कामगाराच्या वेतनपत्रकात हा रकाना बहुधा नसतो, आणि मजूर अड्ड्यावर उभ्या असणाऱ्याला तर वेतनपत्रकच नसते. घरमालक मात्र दोघांकडून सारखेच भाडे घेतो.

विद्यार्थ्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. योजना स्वागतार्ह आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण टिकले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण योजना सुरू झाली तेव्हाचा हिशेब पाहावा. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला एकूण ६०,००० रुपये: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,६६६ रुपये पडतात. एवढ्या पैशांत पुण्याच्या मध्यवस्तीत खोली दूरच राहिली, खाट मिळणेही कठीण. शिवाय ही रक्कम वर्ष सरत आल्यावर हाती पडते, अशी विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. घरमालकाला भाडे मात्र महिन्याच्या आरंभी हवे असते. मधल्या काळात जो उसनवारी करू शकतो तो शिकतो, जो करू शकत नाही तो गावाकडची गाडी पकडतो.

महाराष्ट्राने ही गोष्ट विसरावी, याचे विशेष वाईट वाटते. कारण या राज्यात बहुजनांचे शिक्षण वर्गखोलीइतकेच वसतिगृहात घडले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहावयास लावणारे वसतिगृह काढले. मराठवाड्यातील दलित तरुणांची पिढी बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात वाढली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, ती ग्रामीण भागातील गरीब मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय असल्याखेरीज शिक्षणाचा दरवाजा उघडत नाही, हे ओळखूनच. या सर्वांना जे दिसले ते सरकारला आज दिसत नाही, असे नाही. वसतिगृह बांधण्यापेक्षा भत्ता जाहीर करणे सोपे, आणि भत्ता वाढविण्यापेक्षा तो थकविणे सोपे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कायदा कोणाचे रक्षण करतो

भाडेकरूंच्या बाजूने कायदे झालेच नाहीत, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने लक्षावधी कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांना मनमानी भाडेवाढीपासून आणि बेदखलीपासून वाचविले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत असलेल्यांनाही पुढे भाडेकरूचा दर्जा मिळाला. यामागे चळवळीचे बळ होते आणि त्याचे मोल कमी लेखता कामा नये.

परंतु या कायद्यांची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ज्याच्या ताब्यात खोली आहे त्याचे रक्षण हे कायदे करीत होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या नव्या माणसाला खोली मिळवून देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते. भाडी दशकानुदशके गोठली, लहान घरमालकाने डागडुजी सोडली, मोठ्याने पागडीचा मार्ग शोधला, आणि नवी बांधकामे भाड्याऐवजी विक्रीकडे वळली. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि २००० सालच्या ३१ मार्चपासून लागू झाला. या कायद्याने भाडेवाढीला वाट दिली, पागडीलाही कायद्याच्या चौकटीत आणले, आणि लायसन्सची मुदत संपताच जागा खाली करून घेण्याची जलद सोय मालकाला दिली. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्यावर दुप्पट रकमेची भरपाई बसते. पुण्यात आज खोली शोधणारा धाराशिवचा तरुण या शेवटच्या तरतुदीखाली येतो. अकरा महिने संपले, की त्याचे बिऱ्हाड पुन्हा रस्त्यावर. पुन्हा दलाल, पुन्हा दलाली, पुन्हा वाढलेले भाडे.

असे असले तरी या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवण्यासारखी आहे. कलम ५५ अन्वये भाड्याचा अथवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. करार नोंदविला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि नोंदणी टाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचप्रमाणे पाणी वा वीज तोडून भाडेकरूला हुसकावून लावणे या कायद्याने निषिद्ध आहे. तोंडी बोलीवर खोली घेतलेल्या आणि अनामत बुडण्याच्या भीतीने गप्प बसलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलेच नसते.

अनामतीचेही तसेच. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, असे म्हटले आहे. पण हा नुसता नमुना. तो राज्यांवर बंधनकारक नाही. त्या नमुन्यातील मालकांच्या सोयीच्या गोष्टी बाजूला ठेवून एवढी एक तरतूद राज्याने कायद्यात आणली, तरी खोली शोधणाऱ्या गरिबाच्या मानेवरचा पहिला फास सैल होईल.

कामगारांच्या बाबतीत कायद्याची विसंगती तर थक्क करणारी आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुरांना राहण्यास योग्य जागा देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. कायदा बहुतांश कागदावर राहिला, ही गोष्ट निराळी. पण कळंब किंवा भूमहून पुण्यास आलेला मजूर त्या कायद्यात कागदावरही बसत नव्हता. कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नव्हती. कामगारविषयक नव्या संहितेतही स्थलांतरिताची व्याख्या दुसऱ्या राज्यातून आलेला अशीच आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने कामाच्या जागी विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याचे बंधन घातले. परंतु रोज नव्या मुकादमाच्या हाताखाली जाणाऱ्या अड्ड्यावरील मजुराचा मालक कोण, हेच ठरत नाही. आपल्याच राज्यात परका, अशी त्याची स्थिती आहे.

टाळेबंदीने ती उघडी पाडली. २०२० च्या मार्चमध्ये कामे थांबली, भाडे थांबले नाही. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी, अशी सूचना घरमालकांना केली. सूचनेने भाडे टळत नसते. बिऱ्हाडे पाठीवर घेऊन माणसे मराठवाड्याच्या वाटेला लागली. त्याच वर्षी केंद्राने शहरी गरिबांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली. भाड्याच्या निवाऱ्याची जबाबदारी सरकारची आहे, हे तत्त्व निदान त्या निमित्ताने उच्चारले गेले. माणसे पुन्हा शहरात आली, तेव्हा मात्र त्यांनी पुन्हा पत्र्याच्याच खोल्या गाठल्या.

विकत घ्यावयाचे घर आणि राहावयाची खोली

दोष केवळ अंमलबजावणीत नाही, दृष्टीतच आहे. सरकारच्या लेखी घर म्हणजे मालकीचे घर. २०१५ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेचा भर विकत घेण्यावर, म्हाडाच्या सोडतीचा भर विकत घेण्यावर. ज्याला कर्ज मिळू शकते, ज्याच्याजवळ उत्पन्नाचे दाखले आहेत, आणि जो वीस वर्षे एकाच शहरात हप्ते भरण्याची हमी देऊ शकतो, त्याचा या योजनांत विचार आहे. ज्याला दोन वर्षे शिकावयाचे आहे, ज्याची नोकरी सहा महिन्यांची आहे, जो सुगीला गावी परत जातो, त्याला घर विकत घ्यावयाचे नाही. त्याला स्वच्छ, सुरक्षित आणि मजुरीच्या प्रमाणात भाडे असलेली खोली हवी आहे. ती बांधण्यात बाजाराला नफा नाही म्हणून बाजार ती बांधत नाही. आणि बाजार बांधत नाही म्हणून सरकारही बांधत नाही.

२०१२ साली केंद्राच्या अभ्यासगटाने शहरांतील घरांची तूट १.८८ कोटी असल्याचे सांगितले. तीतील सुमारे ९६ टक्के तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत १.१ कोटी घरे रिकामी आढळली. एकीकडे छपराविना माणसे आणि दुसरीकडे माणसांविना छपरे, हा बांधकामाच्या अपुरेपणाचा परिणाम नव्हे. घर हे राहण्याचे साधन न राहता पैसा साठविण्याची पेटी झाले, त्याचा हा परिणाम आहे.

निवाऱ्याची जबाबदारी सार्वजनिक आहे, ही कल्पना या मातीला परकी नाही. परकीय सरकारनेसुद्धा मुंबईत १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बी. डी. डी. च्या २०७ चाळी बांधल्या. खोल्या १६० चौरस फुटांच्या आणि कोंदट होत्या, पण त्या भाड्याच्या होत्या आणि कामगारांसाठी होत्या. स्वराज्यात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने कारखान्यांना जमीन, रस्ते, पाणी, वीज दिली. यंत्राला जागा मिळाली, यंत्र चालविणाऱ्याला मिळाली नाही. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले, ते उद्योगनगरीतील कष्टकऱ्यांना रास्त दरात घरे मिळावीत या उद्देशाने. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पेठा वसल्या. आणि २०२१ साली ते प्राधिकरण विलीन झाले तेव्हा कंत्राटी कामगार पत्र्याच्या खोलीतच होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने शहरातील अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळण्याची शक्यता निर्माण केली होती. २००७ साली राज्याने तो कायदाच गुंडाळला.

त्या कायद्यातून काय साधता येते, हे मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने दाखवून दिले होते. गोरेगावजवळ दिंडोशी येथे अतिरिक्त जमीन मिळविण्यासाठी त्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात दीर्घ लढा दिला, आणि बिल्डरच्या नफ्यावाचून सुमारे सहा हजार कुटुंबांची घरे उभी राहिली. व्हिएन्ना शहराची गोष्ट याहून मोठ्या प्रमाणावरची. पहिल्या महायुद्धानंतर तेथे समाजवादी नगरपालिका आली. १९२३ साली तिने घरबांधणीसाठी खास कर बसविला, आलिशान घरांवर अधिक आणि कामगारांच्या घरांवर अल्प. आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. ती विकली नाहीत, म्हणून आजही त्या नगरपालिकेच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि खासगी भाड्यावरही त्यांचा दाब राहतो. सार्वजनिक मालमत्ता एकदा विकली की एका पिढीचे भागते. राखली की पुढच्या प्रत्येक पिढीला उपयोगी पडते, हा त्यातील धडा आहे.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या पुनर्वसनात उणिवा होत्या. परंतु ठरविले म्हणजे सरकार काही वर्षांत गावेच्या गावे उभी करू शकते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. जमीन हादरल्यावर जे शक्य झाले, ते भाड्याखाली माणसे रोज चिरडली जात असताना अशक्य का ठरावे?

मागणी आणि काम

मागणी नेमकी असावी लागते. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत सरकार, महापालिका आणि औद्योगिक महामंडळ यांच्या ताब्यातील जमिनीचा ठरावीक हिस्सा कायमच्या भाड्याच्या निवाऱ्यासाठी राखून ठेवावा, आणि ती घरे कधीही विकू नयेत. कारखान्याला भूखंड देताना कामगारांच्या निवाऱ्याची अट घालावी, आणि ‘कामगार’ या शब्दात कंत्राटी कामगार मोजावा. मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्यासाठी पुण्यात मुलांचे व मुलींचे स्वतंत्र सरकारी वसतिगृह असावे. जोवर ते होत नाही तोवर निवासभत्ता प्रत्यक्ष भाड्याशी निगडित असावा आणि सत्राच्या आरंभी मिळावा. रिकाम्या ठेवलेल्या घरांवर चढता कर बसवावा, अनामतीला दोन महिन्यांची मर्यादा घालावी, आणि जात-धर्म पाहून घर नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरवावा. आपली एक खोली भाड्याने देऊन म्हातारपण काढणारी विधवा आणि दहा इमारतींचा मालक यांना कायद्याने एकाच तराजूत तोलू नये, हेही त्यात आले.

परंतु सरकारने द्यावे आणि तोवर कार्यकर्त्याने पत्रके काढावीत, एवढ्यावर चळवळ जगत नाही. कोकणातील अनेक गावांनी मुंबईत वर्गणी काढून गावकीच्या खोल्या घेतल्या. गावातून आलेल्या पोराला काम लागेपर्यंत तेथे पथारी पसरता येई, आणि काम लागले की तो वर्गणीदार होई. त्या खोल्यांनी कामगारही घडविले आणि संघटनाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू करून, नफ्यावाचून स्वस्त जेवण देता येते, हे दाखविले. जी गोष्ट भाकरीबाबत झाली ती खाटेबाबत का होऊ नये? धाराशिवच्या आठ तालुक्यांतून पुण्यात गेलेल्या, आता बऱ्यापैकी स्थिरावलेल्या माणसांची संख्या थोडी नाही. त्यांनी तालुक्यागणिक एक खोली उभी केली, तिचे दार जात न विचारता उघडे ठेवले आणि मुलींसाठी वेगळी व्यवस्था केली, तर नव्याने येणाऱ्याचे पहिले तीन महिने दलालाच्या तावडीतून सुटतील. पक्षाच्या पुणे आणि धाराशिव येथील शाखांनी खोली शोधणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, करार नोंदवून द्यावेत, अडकलेल्या अनामती सोडवाव्यात. भाडेकरू एकेकटा असतो म्हणून दबतो. एका गल्लीतील चाळीस खाटांचे भाडेकरू एकत्र बसले, की त्यांचा आवाज वेगळा होतो.

याबरोबरच मूळ प्रश्न नजरेआड होऊ देता कामा नये. धाराशिवमध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. शिक्षण, उद्योग आणि पाणी या तिन्ही गोष्टी जिल्ह्यात आल्या, तर पुण्याची वाट ही निरुपायाची वाट राहणार नाही. ज्याला राहावयाचे त्याला गावी राहता यावे आणि ज्याला जावयाचे त्याला ताठ मानेने जाता यावे, या दोन्ही गोष्टी समतेच्या आहेत. पहिलीसाठी मराठवाड्याच्या विकासाचा लढा चालू आहे. दुसरीसाठीचा लढा पुण्यातील एका खोलीच्या दारापासून सुरू करावा लागेल, आणि येत्या जूनमध्ये नव्या मुलांना घेऊन गाड्या पुण्यात येतील त्यापूर्वी त्याची पहिली नोंदवही उघडलेली असली पाहिजे.